दुधाचा ट्रक आणि चेअरमनसाहेबांचं निदान

वडजाई फाट्यावर दूध संघाचा जुना ट्रक एकाएकी बंद पडला. दिवे, हॉर्न, स्टार्टर, सगळंच मेलं. आत कॅन भरलेले, वर रणरणतं ऊन. मागून आलेले चेअरमन जयसिंगराव जीपमधून उतरले आणि त्यांनी रस्त्यातच दहा मिनिटं भाषण ठोकलं. "या सोपाननं टेप वाजवून वाजवून बॅटरी संपवली! उद्यापासून हा ड्रायव्हर कामावर नको."

फाट्यावरच्या गॅरेजातल्या वायरिंगवाल्या शमाबी मात्र मुकाट्यानं ट्रकखाली शिरल्या. बाहेर येऊन त्यांनी एका जाड वायरनं बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसिसला जोडलं. दिवे लख्ख पेटले.

"बॅटरी ठणठणीत आहे, साहेब. तिच्यापासून चेसिसला जाणारी पट्टी गंजून तुटलीय. तिला आम्ही 'अर्थ' म्हणतो."

"म्हणजे मी एवढं बोललो ते सगळं चुकलं?" चेअरमन गुरगुरले.

"तसं कसं म्हणू?" शमाबी हात पुसत म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यात करंट भरपूर होता. फक्त अर्थ नव्हता."

जमलेली माणसं खो खो हसली. जयसिंगरावांनी आधी डोळे वटारले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"सोपान, बघतोस काय? दूध नासेल. काढ गाडी!"