दुधगडात दुधगडकर कोण?

सूर्य मावळायच्या आत दुधगडच्या दरबाराला आपलं माणूस आणि बाहेरचं माणूस वेगळं करून दाखवायचं होतं, आणि ते सकाळपासून कोणालाच जमत नव्हतं.

झालं होतं असं. नदीपलीकडच्या कर्णगडच्या राजाने शिकारीच्या वाड्यासाठी एक अख्खं गाव उठवलं. तिथली माणसं डोक्यावर संसार घेऊन दुधगडच्या वेशीबाहेर, बाभळीखाली येऊन बसली. दोन महिन्यांनी कर्णगडचा खलिता आला : ‘आमच्या टेकडीवरची यमाईची मूर्ती चोरून सगुणा गुरवीण तुमच्या मुलखात पळाली आहे. चोर परत करा.’ परत गेली की तिचे हात तोडणार, हे खलित्यात नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दुधगडच्या रणसिंगराजांना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी दवंडी पिटवली, ‘दुधगड दुधगडकरांचा! बाहेरचे सगळे संध्याकाळच्या गाड्यांतून नदीपार!’ राज्य एवढं अफाट, की कोंबडी घाबरून उडाली तर परमुलखात जाऊन पडे. पण अभिमानाला जागा थोडीच लागते.

अडचण एकच होती. नदीच्या दोन्ही काठांची माणसं एकसारखी बोलत, एकसारखी नेसत आणि पंगतीत बसली की एकसारखीच आधी जिलबीकडे बघत.

दिवाण तात्यासाहेब म्हणाले, “अस्सल दुधगडकर ठेचा खाऊन पाणी मागत नाही.”

ठेचा आला. बाभळीखालची माणसं मिटक्या मारत खाऊन मोकळी झाली. सेनापतींनी पहिल्याच घासाला हौदात तोंड घातलं.

पाठशाळेचे नानाशास्त्री म्हणाले, “खऱ्या दुधगडकराला दुधगडचं गीत तोंडपाठ असतं.”

पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसऱ्याला सगळा दरबार खोकू लागला. ते एकटीने म्हणून दाखवलं सगुणाबाईच्या नातीने.

राजांच्या मागे चवरी ढाळणारा हैबती फिसकन हसला.

“कोण हसलं?”

“मी, महाराज.”

“हा होय,” तात्यासाहेब म्हणाले. “पाठशाळा सोडून पळालेला. बापाने ताट वाढायचं बंद केलंय याला.”

खोटं नव्हतं. शंका विचारतो म्हणून नानाशास्त्र्यांनी त्याला आधी कोपऱ्यात बसवलं, मग दाराबाहेर. हैबती तिथून सरळ पुढे चालत गेला, एवढंच. त्यानंतर चवरी हलवणं ही एकच विद्या तो शिकला, आणि माश्या तीही मानत नव्हत्या. गेले दोन महिने तो सगुणाबाईच्या हातची भाकरी खात होता. आज त्याच हातांवर बेतलं होतं. आपल्याला तिचा कळवळा जास्त की भाकरीचा, हे त्याने स्वतःला विचारायचं टाळलं.

“हसतोस ना? मग तूच सांग पारख,” राजे म्हणाले. “बाहेरचा सुटता कामा नये, आपला अडकता कामा नये. नाही जमलं, तर संध्याकाळच्या पहिल्या गाडीत तू.”

“मोठ्यांचीच अक्कल वापरली तर चालेल, महाराज? माझ्याकडे बेताचीच आहे.”

“वापर.”

“सोयरीक जुळवताना ही मोठी माणसं पहिलं काय विचारतात? कुलदैवत कुठलं? दैवत जिथलं, घराणं तिथलं. मग सोपं आहे. ज्याचा देव ज्या राज्यात, तो माणूस त्या राज्याचा.”

नानाशास्त्र्यांचे डोळे चमकले. “शास्त्राला धरून आहे! म्हणजे ही यमाईची माणसं...”

“कर्णगडची!” तात्यासाहेबांनी वाक्य पुरं केलं. “भरा गाड्या.”

“आधी हुकमावर शिक्का होऊ दे,” हैबती म्हणाला. “तुम्ही मंडळी मागाहून फाटे फोडता.”

शिक्का झाला. चौकात दवंडीही झाली.

“आता भरा गाड्या. तात्यासाहेब, तुमचा खंडोबा कुठला?”

तात्यासाहेबांची मान अभिमानाने वर गेली. “आमचा खंडोबा जागृत! कर्णगडच्या...” मान वर गेली ती तिथेच राहिली.

“शास्त्रीबुवा, तुमचा नरसिंह?”

शास्त्रीबुवा उपरणं सारखं करू लागले.

“महाराज, दर चैत्रात आपण वहाणा हातात घेऊन नदी उतरता, पलीकडच्या चौकीवर शिपुरड्याला रामराम घालता, ते कोणाच्या दर्शनाला?”

राजे हळूच म्हणाले, “भैरोबाच्या.”

“मग पहिली गाडी आपली. मागच्या गाडीत मी. आमची जोखाईही तिकडचीच. बोचकं बांधावं म्हटलं, तर आहे एकच धोतर. ते नेसूनच आलोय.”

“अरे, मग इथे राहणार कोण? भुतं?” राजे गरजले.

“सगुणाबाई आणि तिची माणसं.”

“त्यांची यमाई त्या टेकडीवर आहे!”

“होती. खलिता वाचा, महाराज. देवी आपल्याकडे नाही, दुधगडात गेली, असं कर्णगडचा राजाच शिक्का मारून सांगतोय. त्याने देवळाचे दगड वाड्याला नेले. बाईने देवी टोपलीत घातली, डोक्यावर घेतली, नदी उतरली. आता तिचं ठाणं आपल्या बाभळीखाली. ठेचा झाला, गीत झालं, दैवत झालं, सगळ्यांत टिकलेले दुधगडकर तेवढेच. आता पाहुण्यांनी घरच्या बाईला हाकलायचं कसं, ते शास्त्रीबुवांना विचारा. तो धडा येण्याआधीच मी पाठशाळा सोडली.”

मग राजांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की मुकुट कानावर आला.

हसतहसतच ते पायी बाभळीपाशी गेले. “सगुणाबाई, तुमच्या राज्यात आम्हाला राहायची मुभा आहे का?”

बाईने पिठाचे हात पदराला पुसले. “राहा की. पण देवळाला दगड लागतील.”

राजे पुन्हा हसले. कर्णगडला उत्तर गेलं : ‘बाई आमच्या यजमान आहेत. पाहुण्यांना यजमान परत करता येत नाहीत.’ देवळाचा पहिला दगड तात्यासाहेबांनी उचलला. दुसरा शास्त्रीबुवांचा होता. ते अजून मुहूर्त काढत आहेत.

राजांनी आपल्या मनगटातलं चांदीचं कडं काढून हैबतीच्या हातात घातलं. ते सरळ दंडापर्यंत घसरत गेलं.

“अरे, नीट जेवत जा,” राजे म्हणाले.

सगुणाबाईने ताट वाढलंच होतं.