वानरांची मानवंदना

मुलांनो, डोंगराच्या कुशीत एक दाट रान होते आणि तिथल्या उंच झाडांवर वानरांची एक मोठी टोळी नांदत असे. टोळीचा एक नेम होता. वाघ दिसो की धूर, शेंड्यावरचा पहारेकरी 'खक्‌ खक्‌' अशी हाक देई आणि ती कानी पडताच खालची हरणे, ससे, मोर जीव मुठीत धरून पळत. का, कशासाठी, असे कोणी विचारत बसत नसे.

एका वैशाखात रानाला वणवा लागला. वानरांच्या हाकेने पुष्कळ जीव वाचले, पण सगळे नाही वाचले. एका हरिणीचे पाडस धुरात हरवले, ते पुन्हा दिसलेच नाही. बघता बघता वर्ष भरत आले. एवढ्या मोठ्या टोळीने वर्ष भरेल त्या दिवशी गप्प बसणे बरे नव्हे, असे म्होरक्या वानराला वाटू लागले. वाटले ते योग्यच होते. पण सल्ला विचारायला तो गेला कोल्ह्याकडे!

कोल्हा म्हणाला, "वानरराव, सारे रान तुमच्याकडे डोळे लावून बसले आहे. त्या दिवशी तुमची हाक काय गाजली होती! तीच हाक साऱ्या टोळीने एका सुरात द्यावी. गेलेल्यांना मानवंदना होईल आणि टोळीचे नावही होईल." वानराला झाडावर चढवायला कोणी लागत नाही, पण कोल्ह्याने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले.

त्या सकाळी सगळ्या शेंड्यांवरून एकदम हाक उठली. ही मानवंदना आहे हे खाली कोणाला ठाऊक? "वणवा! वणवा!" करीत सारे रान उधळले. त्या हरिणीला यंदा दुसरे पाडस झाले होते. धावपळीत ते तिच्यापासून सुटले आणि घळीत घरंगळले. बिचारी दिवसभर हाका मारत वणवण फिरली. उन्हे कलली तेव्हा कुठे ते सापडले. पाय मुरगळला होता, पण जिवंत होते. म्होरक्या वरून सारे बघत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो खाली उतरला. "ताई, मी तर तुमच्याच दुःखासाठी..."

"माझ्यासाठी केलेत, तर मला एकदा विचारायचे तरी, दादा!" हरिणी म्हणाली. "जी हाक ऐकून धावताना माझे लेकरू गेले, तीच तुम्ही आज हौसेने दिलीत. उद्या खरा वणवा आला, तर तुमच्या हाकेवर कोण धावेल?"

म्होरक्या तिच्याजवळ बसला. कोल्हा तर केव्हाच पसार झाला होता. म्होरक्याने हळूच विचारले, "ताई, तुमचे ते पाडस कसे होते हो?"

हरिणीने चमकून पाहिले. वर्षभरात हे तिला कोणीच विचारले नव्हते. "त्याच्या कानावर पांढरा ठिपका होता," ती म्हणाली, "आणि पळताना सारखे मागे वळून बघायचे, मी येते की नाही ते." एवढे बोलून ती पोटभर रडली.

पुढच्या वर्षी त्या दिवशी टोळीने हाक दिली नाही. वणवा ज्या उतारावरून शिरला होता, तिथला वाळका पाला सगळ्या वानरांनी मिळून दूर ओढला. मग ज्यांचे कोणी गेले होते, त्यांच्याजवळ ते जाऊन बसले. बोलणाऱ्याचे ऐकले, गप्प राहणाऱ्याजवळ गप्प राहिले. हरिणी आपण होऊन म्होरक्याशेजारी येऊन टेकली. शेंड्यावर पहारेकरी डोळ्यांत तेल घालून बसला होता. त्याची हाक येत नव्हती, म्हणून तिचे पाडस निर्धास्त चरत होते.

तात्पर्य : सर्वांच्या दुःखाचा दिवस आपला डंका पिटण्यासाठी नसतो, ज्यांचे गेले त्यांना आधी विचारावे, मग बोलावे थोडे आणि करावे ते उपयोगाचे.