घोंगडीवरचा चांद

काळ कोणता, ते आता कुणालाच आठवत नाही, इतकी ही जुनी गोष्ट आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक रंगारी राहायचा. लाकडी चौकटीवर जाळी ताणायची, तिच्यावर लाखेचा थर द्यायचा, नक्षीपुरती जागा मोकळी ठेवायची आणि तिथून रंग कापडावर उतरवायचा, हे त्याचं काम. त्याची रेशमी जाळी इतकी बारीक, की मलमलीवर मोरपिसाची रेघन् रेघ उमटायची. राणीसुद्धा त्याच्याच ओढण्या घ्यायची. जाळीचा त्याला फार अभिमान होता.

एकदा एक म्हातारा मेंढपाळ आला. म्हणाला, "दादा, धुक्यात आम्ही एकमेकांना दिसत नाही. मागल्या साली माझा भाऊ कड्यावरून पडून गेला. आमच्या काळ्या घोंगड्यांवर पाठीच्या बाजूला पांढरा चांद छापून दे."

रंगाऱ्याने रेशमी जाळी काढली. लाख कढवणारी त्याची थोरली बहीण म्हणाली, "अरे, लोकर आहे ही. भोकं मोठी हवीत. तागाची जाळी घे."

"आक्का, गोणपाटातून छापू? लोक हसतील मला."

"धुक्यात हसणारा दिसणार आहे का तुला?"

त्याने ऐकलं नाही. चांद सुबक उमटला. वाळल्यावर म्हाताऱ्याने घोंगडी एकदाच झटकली. रंग लोकरीच्या टोकांवरच बसला होता, तो पिठासारखा झडला.

"हा अमावस्येचा निघाला, दादा," म्हातारा हळूच म्हणाला.

रंगारी ओशाळला. त्याने तागाची जाळी घेतली, पण लाखेचा हात नेहमीसारखा एकच दिला. आता रंग भरपूर उतरला, पण कडेने खालून पसरला. चांद उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसू लागला.

आक्का म्हणाली, "जाळी बदललीस, थर तोच ठेवलास. मोठ्या भोकांना लाखही जाड लागते. तीन हात दे, आणि प्रत्येक हात नीट वाळू दे."

"धुकं चार दिवसांवर आलंय, आक्का."

"म्हणूनच सांगते. परत चुकायला आता दिवस नाहीत."

तीन दिवस तीन हात वाळले. चौथ्या दिवशी रंग लोकरीच्या मुळापर्यंत गेला आणि चांद गोल, दाट उमटला. म्हाताऱ्याने घोंगडी झटकली, पुन्हा झटकली. काही झडलं नाही. मग रंगाऱ्याने सगळ्यांच्या घोंगड्यांवर चांद छापले.

त्या साली धुकं उतरलं, तेव्हा मेंढपाळ पुढच्याच्या पाठीवरचा चांद बघत, एकामागे एक, कडा उतरून आले. खाली पोचल्यावर म्हाताऱ्याने माणसं मोजली. कुणीही कमी नव्हतं.

तात्पर्य: साधन आपला मान पाहून नव्हे, समोरच्याची गरज पाहून निवडावं.