टाचेची पट्टी

बोरकुसळीच्या वरच्या माळावर गेलात तर एक जागा डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. चहूकडे कुसळ, घायपात आणि काळे धोंडे. आणि मधोमध दोन हजार फूट लांबीची, सुताने आखल्यासारखी हिरवीगार हरळीची पट्टी. तिथे नांगर लागत नाही. तिथे खुंटी ठोकत नाहीत, मग ती म्हशीची असो की लग्नाच्या मांडवाची. वर्षातून एकदोनदा जहागीरदारांच्या वारसांचे लहानसे विमान येते आणि गावावर घिरट्या घालत राहते. पाहुणे विचारतात, हे उतरत का नाही?

उतरेल कसे? अजून बायका चाललेल्या नसतात. चाळीस-पन्नास बायका अनवाणी, खांद्याला खांदा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा रोवत जातात. शेवटी त्यांतली एक पांढरे निशाण चढवते. तोवर वरच्याने वर फिरायचे आणि खालच्या पुरुषांनी चुना फासलेल्या दगडांच्या बाहेर उभे राहायचे. काही पुरुषांना याचा राग येतो. येऊ दे. मायाक्काची गोष्ट ऐकली की तो उतरतो.

गोष्ट संस्थानांच्या दिवसांतली. जहागीरदार उदाजीराव परमुलखातून विमान हाकायला शिकून आले आणि येताना एकावर एक पंख असलेले विमानच घेऊन आले, असे सांगतात. ते उतरवायला सपाट जागा हवी. माळ कागदावर सरकारांचा, म्हणजे उदाजीरावांचाच होता. पण सात पिढ्या त्यावर मेंढरे चारली होती धनगरांनी. कागद कुणी पाहिला होता? एका सकाळी मुकादम कोंडाजी बारा स्वार घेऊन वर आला आणि काही न विचारता त्याने पाले पेटवली. बांधलेली कोकरे आतच भाजली. मायाक्का धनगरणीचा नवरा धुळा आडवा गेला, तर काठीच्या एका तडाख्याने त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. दुसरी काठी त्याच्या डोक्यावर पडणार, तेवढ्यात मायाक्काने कोंडाजीला घोड्यावरून खाली ओढला आणि त्याच्या कानाची पाळी दातांनी तोडली.

"थुंक!" कोंडाजी किंचाळला. "माझा कान थुंक, रांडे!"

"थुंकते की," मायाक्का म्हणाली, आणि त्याच्याच तोंडावर थुंकली.

त्याबद्दल तिला चिंचेला बांधून वीस फटके दिले. ती ओरडली नाही, असे म्हणतात. माझ्या मते ओरडली असेल. ओरडण्यात काही कमीपणा नसतो. पण ती माळ सोडून गेली नाही, हे खरे.

मग वेठीने पट्टी सुरू झाली. सगळ्या गावाला जुंपले. धोंडे उपटायचे, खड्ड्यांत मुरूम भरायचा, पाणी मारायचे, आणि आठ बैलांनी ओढायचा दगडी रूळ वरून फिरवायचा. तो रूळ उतारावर एकदा बैलांना आवरला नाही आणि सिद्दाप्पा नावाच्या माणसाच्या दोन्ही पायांवरून गेला. कोंडाजीने रूळ धुवून घेतला आणि काम पुढे चालू केले. मुरुमावर हरळीच्या मुळ्या लावल्या. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागले, ते विळ्यांनी कापले, तर मागे राहिलेली टोकदार धसकटे चाकाच्या रबरात घुसली. सरकार संतापले. विळेकऱ्यांना ओणवे उभे केले. तेव्हा पट्टीच्या कडेला बसलेली मायाक्का मोठ्याने हसली.

"हसतीस काय गं?" सरकारांनी विचारले.

"हसू न्हाई तर काय करू? विळ्यानं माळ भादरायला निघालाय. गवत कापायचं नसतं, सरकार. खाऊ घालायचं असतं. मेंढरू कसं दातानं सारखं खुडतं, बघा तरी. वरनं लेंडीचं खत फुकट."

कोंडाजीने चाबूक उचलला. सरकारांनी त्याला हातानेच थांबवले. उदाजीराव उर्मट होते, पण ज्याला कळते त्याचे ऐकायचे एवढी अक्कल त्यांना होती. मेंढरे पट्टीवर आली आणि महिन्याभरात हरळी गालिच्यासारखी झाली. पण सरकारांनी एक अट घातली. धनगर कळप बसवताना भोवती वाघर लावतात, म्हणजे दोरीच्या जाळीचे कुंपण, आणि त्याला हातभर खुंट्या ठोकतात. तसली एक खुंटीसुद्धा पट्टीत ठोकायची नाही. उपटलेल्या खुंटीच्या भोकात पाणी मुरते, भोवतीची माती खाली बसते, आणि धावते चाक त्यात रुतले तर माणूस मेलाच.

"मान्य," मायाक्का म्हणाली. "आणि तुम्ही उतरायच्या आधी दर येळंला मी पट्टी अनवाणी चालीन. डोळ्याला भोक दिसत न्हाई, टाचंला लागतं. एक जरी राहिलं तर ही टाच काढून घ्या."

"तू सांगेपर्यंत निशाण चढणार नाही," सरकार म्हणाले.

दोन वर्षे असे चालले. धनगरांना माळ परत मिळाला होता, कागदाने नव्हे, मायाक्काच्या पायांनी. आणि कोंडाजी ते रोज बघत होता. निशाणाच्या काठीपाशी उभे राहून, अर्धा कान फेट्यात दडवून, जिला त्याने फटके मारले तिच्या होकाराची वाट बघायची. त्याची माणसेही मागून म्हणायची, "मुकादम, इचारा आक्काला, श्वास घेऊ का?"

मग ते आश्विनातले वादळ आले. मायाक्का माहेरी गेली होती. संध्याकाळी गारा पडल्या, ओढ्याकाठची जमीन चिखल झाली, आणि लांडगे कळपाभोवती फिरू लागले. धुळाला सगळ्या माळावर एकच कोरडी, उंच जागा दिसली. त्याने वाघर पट्टीवर लावली. दुसरा एखादा असता तर मेंढरे गमावून बसला असता. धुळा धनगर होता, त्याला मेंढरांपलीकडे काही सुचले नाही. दिवस उगवताच त्याने खुंट्या उपटल्या, भोकांत लेंड्या कोंबल्या आणि वर गवत पसरले. मुरूम आणून ठोकायला हवा होता. पण मायाक्का येईल आणि विचारील, या धास्तीने त्याला घाई झाली होती. लांडग्याला न भ्यालेला माणूस बायकोला भ्याला.

मायाक्का माळावर पोचली आणि त्याच वेळी विमानाची घरघर ऐकू आली. ठरलेल्यापेक्षा दोन घटका लवकर. ती चपला भिरकावून पट्टीकडे धावली. कोंडाजीने घोडा आडवा घातला.

"मी बघितलंय घोड्यावरनं. मोकळी हाय."

"घोड्यावरनं काय दिसतंय, मुकादम? सर बाजूला."

चाबूक तिच्या तोंडावर बसला. भुवई फाटली आणि रक्ताने दोन्ही डोळे भरले. ती खाली बसली. तिने डोळे पुसून वर पाहिले, तर निशाण चढलेले होते.

विमान खाली आले, टेकले, धावले. पट्टीच्या मध्यावर डावे चाक रुतले. विमान नाकावर आपटून उलटे झाले. पंख्याचे एक पाते तुटले आणि कडेला बैल धरून उभ्या असलेल्या तातोबाच्या छातीत शिरले; त्याला पडायलाही वेळ मिळाला नाही. मग आग लागली. पुरुष मागे पळाले. मायाक्का आत शिरली आणि सरकारांना काखेत हात घालून ओढत बाहेर घेऊन आली. तिच्या तळहातांची कातडी त्यांच्या कोटाला चिकटून राहिली.

सरकारांना लिंबाखाली निजवले. कमरेखाली ते कोळसा झाले होते. शुद्ध मात्र होती. तोवर कोंडाजीच्या माणसांनी धुळाला धरले, हातपाय बांधले आणि रुळापुढे आडवा टाकला. आठही बैल जुंपले.

"धनगरांनी घात केला!" कोंडाजी ओरडत होता. "खुंट्या ठोकल्या! चिरडा याला!"

"खुंट्या न्हाईत! उंदरांची भोकं हायेत!" धनगर ओरडले.

सरकारांनी डोळे उघडले. "मायाक्काला बघू दे," ते म्हणाले. "ती म्हणेल ते."

मायाक्का जळत्या विमानापाशी गेली आणि भोकात हात घातला. सोललेल्या हाताला लेंड्या लागल्या. तिने दुसरे भोक बघितले, तिसरे बघितले. सारखे अंतर. वाघरीचे माप तिच्याइतके कोण जाणत होते? तिने मागे वळून धुळाकडे पाहिले आणि धुळाने मान खाली घातली.

एका शब्दाचे काम होते. उंदीर म्हणायचे. सरकार मरायला टेकले होते, तरी तिने म्हटले असते ते त्यांनी मानले असते. नवरा सुटला असता.

ती लिंबाखाली आली.

"खुंटीच," ती म्हणाली. "आमचीच."

धनगरांच्या बायकांनी हंबरडा फोडला.

"पर पट्टी चालायचा शबुद माझा हुता, धुळाचा न्हाई. चाबूक बसला म्हणून मी थांबले. थांबायला नको हुतं. रूळ फिरवायचा तर माझ्या टाचंवरनं फिरवा."

"चाबूक?" सरकार म्हणाले. त्यांनी मान वळवली. "निशाण कुणी चढवलं?"

आता उत्तर द्यायची पाळी कोंडाजीची होती. त्याने पुढच्या बैलांच्या पुठ्ठ्यात हाकायची टोकदार पराणी खुपसली, एकदा, दोनदा. बैल उधळले आणि रूळ हलला. धुळा रुळापासून दोन हातांवर होता. मायाक्का धावली, पायाने एक धोंडा रुळाखाली सारला आणि तो निसटू नये म्हणून टाच त्याच्यावर दाबून धरली. धोंडा आणि टाच मिळून रूळ अडला. हाडाचा आवाज लिंबापर्यंत ऐकू आला, असे सांगतात. बैल गुडघ्यांवर आले.

मग वेठीवरच्या बायका पुढे झाल्या. त्यांच्या हातात विळे होते, कुदळी होत्या. कोंडाजीला त्यांनी घोड्यावर चढू दिले नाही. पुढचे कुणी सांगत नाही. त्याचा घोडा दुपारी रिकाम्या खोगिराने गावात गेला आणि त्याला शोधायला कुणी वर आले नाही, एवढेच सांगतात.

उदाजीराव तिसऱ्या दिवशी गेले. जाताना घरच्यांना बोलावून त्यांनी शब्द घेतला की माळावर मेंढरे चरतील, आणि पट्टी मोकळी आहे की नाही हे घोड्यावरून कुणी ठरवायचे नाही.

सहा महिन्यांनी मायाक्का काठी टेकत पट्टीवर आली. उजवी टाच उरली नव्हती. एका टाचेने ती चालू लागली. चार पावले गेली की बसत होती. गाव कडेला उभे राहून बघत होते. तेव्हा तातोबाची विधवा, हौसा, पुढे झाली. सगळ्यांना वाटले ही आता तिच्या डोक्यात धोंडा घालणार.

"तुमच्या भोकानं माझा धनी खाल्ला," हौसा म्हणाली. "ते मी मरेस्तोवर इसरायची न्हाई. पर तू खरं बोललीस. सरक. टाच मी देते."

ती मायाक्काच्या उजव्या अंगाला उभी राहिली. मग दुसरी आली, मग तिसरी.

आजही बायका विमानाआधी टाच द्यायला जातात तेव्हा वरचा माणूस किती मोठा आहे हे विचारत नाहीत. भोक लागले की सगळी रांग थांबते आणि एकच प्रश्न होतो: कुणाचं? गेल्या वर्षी सरपंचांची नवी सून पहिल्यांदाच रांगेत होती. मध्यावर तिची टाच रुतली. ती खाली वाकली, बोटांनी चाचपले. कडेला सासरे उभे होते. त्यांनीच आदल्या आठवड्यात सभेच्या मांडवाची दोरी ताणायला तिथे खुंटी ठोकून घेतली होती. विमान वर घिरट्या घालत होते. सासऱ्यांनी डोळे वटारले.

"कुणाचं गं?" रांगेतून हाक आली.

"आमचंच," पोरीने खणखणीत सांगितले आणि त्यांच्याकडे बघत टाच रोवली.