हरकतींची कोरी वही

एका छोट्या शहरात एक नगराध्यक्ष होते. सगळे त्यांना दाजीसाहेब म्हणत. माणूस अगदी सरळ, कुणाच्या वाईटावर नसलेला. बोलायची हौस मात्र दांडगी. समोरचा हो म्हणाला की त्यांना आनंद व्हायचा, आणि समोरचा बहुतेक वेळा हो म्हणायचाच, कारण मध्ये बोलायला जागाच मिळायची नाही.

दाजीसाहेबांच्या मनात आलं, की आपल्या शहराला काहीतरी छान करून द्यावं. दवाखाना एका गल्लीत, बालवाडी दुसऱ्या गल्लीत, वाचनालय देवळामागे, आणि सभागृह तर नाहीच. हे सगळं एकाच ठिकाणी, हायवेजवळच्या मोकळ्या जागेवर आणायचं. मोठी इमारत, पुढे बाग, गाड्या लावायला ऐसपैस जागा. नकाशा इतका देखणा झाला की दाजीसाहेब तो जेवतानासुद्धा समोर ठेवायचे.

नियम असा, की अशी योजना करताना लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नगरपंचायतीत त्यासाठी एक वही ठेवली. मुदत एक महिन्याची. पण दाजीसाहेब नुसत्या वहीवर थांबणारे नव्हते. ते स्वतः घरोघर गेले, नकाशा उलगडून दाखवला आणि प्रत्येकाला विचारलं, "काही हरकत?"

लोक म्हणाले, "छे, काही हरकत नाही."

कोष्टी गल्लीत अनसाबाई राहायच्या. त्यांचा नवरा मल्हारी वर्षापूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता. गल्लीच्या टोकालाच दवाखाना. तिथली नर्स रोज सकाळी त्याच्याकडून हातापायाचा व्यायाम करून घ्यायची. अनसाबाई त्याला खांद्याचा आधार देत, वाटेतल्या तीन ओट्यांवर बसवत बसवत तिथवर न्यायच्या. आता कुठे तो काठी टेकत चार पावलं स्वतःची टाकायला लागला होता. व्यायाम सुटला तर पाय पुन्हा आखडतील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणि हायवे तिथून चांगला दोन मैल लांब.

दाजीसाहेब त्यांच्याकडेही गेले. चहा घेतला, नकाशा दाखवला, बागेत कोणती फुलं लावणार तेही सांगितलं. अनसाबाई नकाशाकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून त्याही म्हणाल्या, "काही हरकत न्हाई, साहेब."

महिना संपत आला. वही कोरी करकरीत. दाजीसाहेबांची छाती फुगली. एवढं मोठं काम आणि गावातून एकही हरकत नाही! त्यांनी कोनशिलासुद्धा कोरायला टाकली. मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

त्याच सकाळी त्यांच्या घरात एक बारीकशी गोष्ट घडली. सून उज्ज्वला नव्यानं शिवणकाम करू लागली होती. तिनं विचारलं, "मामा, तुमची खिडकीजवळची खुर्ची आत हलवली तर चालेल ना? तिथं मशीन ठेवते. उजेड चांगला येतो."

दाजीसाहेब पटकन म्हणाले, "हो हो, काही हरकत नाही."

खुर्ची आत गेली, आणि दाजीसाहेबांची पार पंचाईत झाली. वीस वर्षं ते त्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे. येणारेजाणारे खिडकीतून रामराम करायचे. ते पेपर घेऊन झोपाळ्यावर बसले, तर अक्षरं हलायला लागली. ओट्यावर बसले, तर ऊन डोळ्यांवर. चहा निवून गेला. बायको हसून म्हणाली, की एवढं जड जात होतं तर सुनेला तसं सांगायचं होतं.

ते चिडून म्हणाले, "ती पहिल्यांदाच काहीतरी मागत होती. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

 आपल्याच तोंडचं वाक्य त्यांना चांगलंच लागलं, आणि नकाशाकडे बघत राहिलेल्या अनसाबाई आठवल्या. पेपर तिथंच टाकून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

ते तडक कोष्टी गल्लीत गेले. या वेळी नकाशा नेला नाही. चहाही नको म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी अनसाबाईंना एकच गोष्ट विचारली.

"वहिनी, दवाखाना तिकडं गेल्यावर मल्हारीला कसं नेणार?"

 अनसाबाई म्हणाल्या, "न्यायचं न्हाई, साहेब. घरीच तेल लावीन."

"मग त्या दिवशी हरकत नाही का म्हणालात?"

"तुम्ही दारात आला होता. म्हणालात, समद्या गावाचं भलं हाय. समद्यांच्या भल्यात आमचं दोघांचं कुठं आडवं घालायचं?"

दाजीसाहेबांना फार वाईट वाटलं. आपण विचारायला गेलो होतो की ऐकवायला, हेच त्यांना सांगता येईना. त्या दिवशी ते आणखी पंधरा-वीस घरांत गेले. कुणाचं लेकरू बालवाडीत एकटं चालत जात होतं. कुणाचे डोळे अधू, पण वाचनालयाचा रस्ता पायांना पाठ झालेला. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं आणि प्रत्येकानं हरकत नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ते नगरपंचायतीत आले आणि कुलथे कारकुनांकडे ती वही मागितली. कुलथे कुजबुजले, की साहेब, वही कोरी आहे, संध्याकाळी मुदत संपते, आता मुद्दाम कशाला उकरून काढता? खरं तर दाजीसाहेब गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. योजना त्यांची, कौतुक त्यांचं, कोनशिलेवर नावही त्यांचं. शब्द मागे घेतला तर चारचौघांत हसं होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

ते आपल्या केबिनमध्ये गेले नाहीत. बाहेर, लोक बसतात त्या बाकावर बसले आणि लिहायला लागले. हरकत पहिली. दवाखाना, बालवाडी आणि वाचनालय आहे तिथून हलवू नये. चालत येणारी माणसं तिकडे पोचू शकणार नाहीत. हरकत घेणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि योजना कोणाची, या रकान्यातही स्वतःचंच.

बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ लागणार? अध्यक्षांनीच स्वतःच्या योजनेवर हरकत घेतली म्हटल्यावर लोकांना धीर आला. दुपारपर्यंत रांग लागली. त्यातले काही जण गेल्या दहा वर्षांचा सगळा राग घेऊन आले होते. दाजीसाहेब त्या बाकावरून हलले नाहीत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं स्वतः लिहून देत होते.

अनसाबाई आल्या. हळूच म्हणाल्या, "आम्हाला हरकत हाय, साहेब."

"बरं केलंत, वहिनी," दाजीसाहेब म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

हायवेजवळ फक्त सभागृह आणि बाग झाली. दवाखाना, बालवाडी आणि वाचनालय होती तिथंच राहिली, आणि तिन्ही डागडुजी करून झकास झाली. कोनशिला बसवलीच नाही. मल्हारीचा व्यायाम एक दिवसही चुकला नाही. दोन महिन्यांनी तो काठी टेकत नगरपंचायतीत आला आणि बोबड्या आवाजात, एकेक शब्द जुळवत त्यानं आपली हरकत सांगितली. दवाखान्याची पायरी फार उंच आहे, म्हणाला.

दाजीसाहेबांनी ती हरकत पूर्ण ऐकून घेतली आणि त्याच आठवड्यात पायरी कमी उंचीची करून घेतली.

तात्पर्य: भिडेपोटी दिलेला होकार खरा धरू नये. सगळ्यांचं भलं करायला निघालेल्यानं, ज्याला नाही म्हणणं जड जातं त्याच्या दारी पुन्हा एकदा जावं आणि या वेळी आपण कमी बोलावं.