वाकलेल्या पिना

"पण सहा कोर पुरतील का, चाचा? की आठच घेऊ? एकदा काय ते सांगून टाका."

बाबालालचाचा मुजावर ब्रशानं एका पंख्यातली धूळ काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ही इचलकरंजीतली, भर दुपारची गोष्ट. चाचांचं कॉम्प्युटर जुळणीचं दुकान म्हणजे मागाच्या कारखान्याला चिकटलेली एक खोली. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडत असतात, त्यामुळे इथं बोलायचं तर आवाज चढवूनच. चाचा मात्र कधी आवाज चढवत नाहीत. ज्याला ऐकायचंय त्यानं जवळ यावं.

पूर्वी ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारे. आता कॉम्प्युटर जोडून देतात. लांबून पोरं येतात, उस्ताद म्हणतात.

मी शेजारच्या गाळ्यात रबरी शिक्के बनवतो. दुपारचा चहा चाचांकडे घेतो आणि नको तिथं तोंड घालतो. तेवढं एक सोडलं तर माणूस बरा आहे मी.

विचारणारा होता सन्मती मगदूम. वय चोवीस, सुताच्या पेढीवर नोकरी, आणि अंगात शहाणपण उतू चाललेलं. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो. पोरखेळ म्हणून नव्हे. पाच जणांचा संघ आहे त्यांचा, स्पर्धा असतात. येत्या रविवारी मोठी स्पर्धा होती, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायची.

संघाच्या कप्तानानं त्याला निर्वाणीचं सांगितलं होतं. दर खेपेला ऐन वेळी तुझं मशीन अडकतं. आज संध्याकाळपर्यंत नवं घेतलंस तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो.

हातात दोन वर्षं साठवलेले पैसे होते, ते एका खेपेपुरते. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, आणि कोर म्हणजे त्याचे राबणारे हात. आठ कोरचा घेतला तर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड जुनंच ठेवावं लागणार. सहा कोरचा घेतला तर एक चांगलं, वापरलेलं कार्ड त्यात बसणार.

"आठ महिने अभ्यास केलाय मी," सन्मती म्हणाला. "कुठला प्रोसेसर कुठल्या गेमला सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम देतो, झोपेत विचारा."

"मग मला कशाला विचारतोस?"



चाचांनी ब्रश ठेवला. टेबलावरच्या मशीनकडे बोट केलं. "ह्याच्यात सहाच आहेत. कार्ड तू घेणार तसलंच. बस. खेळ."

सन्मती बसला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडे हलत होते. कोण किती राबतंय आणि सेकंदाला किती फ्रेम पडतायत, ते दाखवणारे.

"कोण घाम गाळतंय?" चाचांनी विचारलं.

"कार्ड. अठ्ठ्याण्णव टक्के."

"आणि प्रोसेसर?"

"चाळीस…"

"ताटातलं संपेना, त्याला परात कशाला वाढू?"

मी हसलो. सन्मती हसला नाही.

"पण दोन वर्षांनी, चाचा? नवे गेम येतील. तेव्हा कमी पडला तर?"

"पडेल."

"मग?"

"मग तेव्हाचं तेव्हा."

हे काय उत्तर झालं? मला सुद्धा पटलं नाही. पण सन्मतीचा चेहरा बघून मी चहात बिस्किट बुडवलं आणि गप्प बसलो.

तो खेळत होता. चांगला खेळत होता हो, खोटं कशाला बोलू. भिंतीआडून भिंतीआड, सरसर. मग एका दारातून शत्रू अचानक समोर आला… आणि सन्मतीचा माणूस तिथंच उभा राहिला. गोळी लागली. पडला.

"अडकलं!" सन्मती ओरडला. "बघा, बघा, अडकलं! म्हणूनच म्हणत होतो आठ कोर घेऊया!"

चाचांनी कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडा जागच्या जागी होता. जराही पडला नव्हता.

"मशीन पळत होतं," चाचा म्हणाले.

"नाही, अडकलं. मला कळतं की."

"अरे, तूच अडकलास की रे!" मी म्हणालो. "बोट माउसवर होतं तुझं. दाबलंसच नाहीस. डोळ्यांनी बघितलं मी."

बोललो आणि वाटलं, जीभ हासडून ठेवावी. पोराच्या तोंडावरचा रंगच उडाला.

माग खडखडत राहिले.

"आठ महिने का घेतलं नाहीस?" चाचांनी विचारलं.

"अभ्यास करत होतो."

"आठ महिने?"

"भीती वाटते, चाचा."

"चुकीचं घेशील म्हणून?"

सन्मतीनं मान हलवली. "नाही… बरोबर घेईन म्हणून."

मला आधी कळलंच नाही. चाचांना कळलं असावं. ते जवळ सरकले.

"आता हरलो की सांगतो, मशीन जुनं आहे," सन्मती खाली बघून म्हणाला. "सगळ्यांना पटतं. मला पण पटतं. उद्या मशीन चांगलं आलं, आणि तरी हरलो… तर सांगायला काय उरलं? मला दुसरं काही येत नाही, चाचा. एवढंच येतं. आणि हे पण येत नाही असं निघालं, तर?"



एवढं मोठं पोर, मघापासून आम्हाला शिकवत होतं, आणि आतून हे असलं घेऊन बसलं होतं.

चाचा उठले. कपाटातून सहा कोरचं खोकं काढलं. भिंतीवरची पाटी सगळ्यांना पाठ आहे: खोकं फोडलं की माल परत नाही.

"फोडू?"

सन्मतीनं खोक्याकडे बघितलं. मग त्यानं मान डोलावली. एवढीशी.

चाचांनी खोकं फोडलं. आतला चौकोनी तुकडा, बिस्किटाएवढा, त्याच्या तळहातावर ठेवला.

"बसव."

हा चाचांचा नेम. ज्याचं मशीन, त्यानं प्रोसेसर आपल्या हातानं बसवायचा. वकील येवो, नाहीतर कारखानदार. किती जण चिडून निघून गेलेत. चाचांनी नेम मोडलेला नाही.

सन्मतीनं तुकडा उलटा करून बघितला. खाली पिनाच पिना, हजारावर, केसाएवढ्या बारीक. आठ महिने ह्याच्याबद्दल वाचणारा पोरगा, पण ही वस्तू त्यानं हातात कधी धरली नव्हती. मला ते लगेच कळलं. तुकडा कुठं धरावा, तेच त्याला उमजेना.

"तुम्हीच बसवा ना, चाचा."

"तुझा आहे."

त्यानं कोपऱ्यावरची खूण बघितली. टेबलावरच्या मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या तक्त्यावरच्या, खुणेशी जुळवली. हळूच ठेवला. बसेना. अर्थात बसेना, खोबणीच्या बाजूची कडी उचललीच नव्हती त्यानं. ती उचलली की तुकडा आपल्या वजनानं आत जातो, दाबायला लागत नाही. हे मला, शिक्केवाल्याला ठाऊक. त्याला तर पाठ असणार. पण भ्यालेल्या माणसाला पाठ केलेलं आठवतंय थोडंच?

त्यानं अंगठ्यानं दाबलं.

"अरे दाबू नको!" मी ओरडलो.

उशीर झाला होता. बारीकसं काहीतरी करकरलं.

सन्मतीनं हात असा मागे घेतला, जणू विस्तवाला लागला असावा. चाचांनी तुकडा उचलला, उलटा केला, भिंग डोळ्याला लावलं.

"मोडल्या?" सन्मतीनं विचारलं.

"वाकल्यात. दोन."

"संपलं…" तो स्टुलावर बसला. "संपलं सगळं. आता परत पैसे कुठले… आई गं."

खरं सांगतो, मला चाचांचा राग आला. समोर बसून बघत होते. कडी उचल, एवढे दोन शब्द बोलायला काय जात होतं? मी तसं म्हणालो पण. "चाचा, हे काही बरं नाही केलंत."

चाचांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खणातून एक खटक्याची पेन्सिल काढली. आतलं शिसं काढून टाकलेली, टोकाची नळी रिकामी. ती सन्मतीपुढे धरली.

"नळीत पिन घे. सरळ कर."

"मी?"

"तू."

"मोडली तर?"

"मोडेल."

"म्हणजे प्रोसेसर गेला?"

"गेला."

काय माणूस! धीर द्यायचा सोडून… पण चाचा खोटं बोलत नव्हते. पिन तुटली की तो तुकडा कचऱ्यात. दोन वर्षांची बचत, रविवार, सगळं त्या केसाएवढ्या धातूवर येऊन ठेपलं होतं.

सन्मतीनं पेन्सिल घेतली. हात इतका कापत होता की नळी पिनेवर बसेना. एकदा हुकली. पुन्हा हुकली. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. तो पुसायला त्यानं हात काढला नाही.

तिसऱ्या खेपेला बसली.

पिन हळूहळू वर आली. अजून जरा. अजून. उभी राहिली.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर कप्तानाचं नाव.

"फोन…" मी म्हणालो.

"वाजू दे," सन्मती म्हणाला. नजर पिनेवर.

फोन वाजून वाजून गप्प झाला. दुसरी पिन जास्त वाकली होती, पार आडवी. त्यानं नळी घातली. थांबला. डोळे मिटले, उघडले. उचलायला लागला. मधेच काहीतरी कट्ट झाल्यासारखं वाटलं, आणि मला तर बघवेना. मी दाराकडे तोंड केलं.

"बघ," चाचांचा आवाज आला. मला नव्हे, त्याला.

सन्मतीनं भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. सगळ्या पिना रांगेत उभ्या होत्या.

ह्या खेपेला त्यानं आधी कडी उचलली. तुकडा खुणेवर ठेवला आणि सोडून दिला. तो आपसूक आत गेला. कडी खाली.

चाचांनी वरचा पंखा बसवला, कार्ड लावलं, वायरी जोडल्या. बटण सन्मतीनं दाबलं. काळा पडदा… काळाच… मी मनातल्या मनात ग्रामदैवताला नारळ बोललो… आणि अक्षरं उमटली. सहा कोर, सहाच्या सहा.

फोन पुन्हा वाजला. त्यानं उचलला.

"हो… घेतलं. सहा कोरचाच… हो, खेळतोय रविवारी." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही. आता मशीनचं काही कारण नाही."

फोन ठेवला, तेव्हा पोराचा चेहरा मघापेक्षा पांढरा होता. मला वाटलं होतं, आता सुटला, आता हसेल. कुठलं काय. त्यानं उजवा हात समोर धरला आणि बघत राहिला. बोटं अजून कापत होती.

"चाचा, भीती गेली नाही हो. रविवारी ऐन वेळी हात असाच थरथरला, तर?"

चाचांनी पेन्सिल खणात ठेवली, खण लावला.

"मघाशी पिना सरळ केल्यास… तो हात कुठला होता?"