सभामंडपातली पांढरी रेघ

“आन् पाण्याचं काय?” बुवांनी विचारलं.

हणमंतराव डुबल बोलता बोलता थांबले. थांबण्याची त्यांना सवय नव्हती. विधानसभेत ते विरोधी बाकांवरून उभे राहिले की अध्यक्षांची घंटा वाजून वाजून दमायची, पण गटनेत्यांचं वाक्य काही संपायचं नाही.

आल्यापासून ते देशाबद्दल बोलत होते. खरं तर सोमनाथबुवांनी नुसतं ‘काय चाललंय तुझं’ म्हणून विचारलं होतं. म्हातारा माणूस ख्यालीखुशाली विचारत होता. पण हणमंतरावांना कुणी ‘काय चाललंय’ म्हटलं की त्यांना पुढ्यात माइक दिसायचा.

सगळ्या निवडणुका एकदम घ्याव्यात का, शाळेत पोरांनी किती भाषा शिकाव्यात, जनगणनेत जात मोजावी का, लोकसभेच्या जागा राज्यांत कशा वाटाव्यात... प्रत्येक प्रश्नावर त्यांची भूमिका तयार होती. काही ठिकाणी स्पष्ट, काही ठिकाणी ठाम, आणि जिथं वरून अजून निरोप आला नव्हता तिथं सावध.

बुवा घोंगडीवर बसून सगळं ऐकत होते. याच मठाच्या सभामंडपात हणमंतराव वाढले होते. आईबापाविना राहिलेल्या पोराला बुवांनी ठेवून घेतलं, भाकरी दिली, अक्षरं गिरवायला लावली. ते उपकार हणमंतराव विसरले नव्हते. यायला तेवढं जमलं नव्हतं.

आणि आज आले होते ते पाण्यासाठीच.

देशभरातल्या नद्या जोडायची मोठी योजना निघाली होती. तिच्यातलं एक धरण या चिंचखोऱ्यात होणार होतं. उद्या विधानसभेत योजनेला पाठिंबा द्यायचा ठराव येत होता. आपल्या गटानं ठरावाच्या बाजूनं बोलायचं, असा दिल्लीहून निरोप होता. बोलणार होते हणमंतराव.

अडचण एवढीच, की खोऱ्यातली माणसं हलायला तयार नव्हती. मठ हलला तर आम्ही हलू, असं ती म्हणत होती. म्हणजे सगळं बुवांवर येऊन ठेपलं होतं.

हणमंतरावांनी घसा साफ केला. “पाण्याबाबत आमची भूमिका अशी आहे, बुवा...”

आणि ते बोलत राहिले. पूर्वेकडचे तालुके वर्षानुवर्षं टँकरवर जगतात. बायकांचा जन्म घागरी वाहण्यात जातो. इथलं पाणी तिकडं गेलं तर लाखो माणसं सुखानं दोन घास खातील. खोऱ्यातल्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळेल, आणि ती मिळेपर्यंत पक्ष गप्प बसणार नाही.

यातलं खोटं काहीच नव्हतं. कोरड्या गावांतून ते स्वतः हिंडले होते, तिथली पोरं त्यांनी पाहिली होती. तरी बोलताना आपलाच आवाज त्यांना लांबून येत असल्यासारखा वाटत होता.

“आमची म्हंजी कुणाची?” बुवांनी विचारलं.

“पक्षाची.”

“आन् तुझी?”

“तीच.”

“हं...”

कोनाड्यातल्या समईची वात बुवांनी बोटानं पुढं सारली. मग तांब्या उचलला.

“पाणी घेतोस?”

“तत्त्वतः हरकत नाही,” हणमंतराव म्हणून गेले.

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. सभागृहात हे वाक्य त्यांनी इतक्यांदा वापरलं होतं, की साधं ‘हो’ म्हणायला तोंडात जागाच उरली नव्हती. बुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी तांब्या पुढे केला आणि हणमंतराव घटाघटा पाणी प्यायले. तहान खूपच लागलेली होती.

तांब्या खाली ठेवून त्यांनी शेवटी मागणं मांडलं. बुवांनी एकदा खाली गावात यावं आणि मठ हलवायला आपली ना नाही, एवढं लोकांना सांगावं. नवा मठ दगडी बांधून देऊ. पादुका वाजतगाजत नेऊ. बुवा चिडतील, हाकलून देतील, याची तयारी त्यांनी वाटेतच करून ठेवली होती. अशा वेळी काय बोलायचं तेही ठरलं होतं.

“येतो की,” बुवा म्हणाले. “सांगतो लोकास्नी.”

हणमंतराव बघतच राहिले. तयार ठेवलेली सगळी उत्तरं वाया गेली होती. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

“तुमचं... काहीच म्हणणं नाही?”

“माझं कशाला? मला काय कायमचं हितं ऱ्हायचंय व्हय? आज हितं, उद्या तितं.” बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “एक कर फकस्त. आत्ता बोललास न्हवं, तेच पुन्यांदा सांग. पर उभा ऱ्हाऊन. तुमच्या सभेत उभ्यानंच सांगत्यात न्हवं?”

“हो.”

“मग आमची बी सभाच हाय ही. त्या खांबापाशी ऱ्हा उभा.”

कुठला खांब ते विचारावं लागलं नाही. देवाच्या उजव्या हाताचा, दगडी. दर पाडव्याला बुवा मठातल्या पोरांना याच खांबाला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर तळवा आडवा ठेवायचे आणि गेरूनं रेघ ओढायचे. मग प्रत्येकाला तेच सांगायचे, पुढच्या पाडव्याला बघू किती वाढलास ते. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या त्या तांबड्या रेघा अजून तिथं होत्या. त्यांतल्या कित्येक हणमंतरावांच्या होत्या.

त्यांनी खांबाला पाठ लावली. दगड गार होता. समोर देव, देवाच्या पायाशी बुवा.

“बोल.”

“पाण्याबाबत आमची भूमिका...”

बुवांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते त्यांच्या डोक्याच्या वर कुठंतरी बघत होते. हणमंतरावांना वाटलं, पाल असेल. त्यांनी मान वळवून वर पाहिलं.

खांबावर पांढऱ्या रंगाची एक जाड रेघ होती. ताजी. त्यांच्या डोक्यापासून चांगली हातभर वर.

“ही कसली?”

“मोजणीवाले आलते,” बुवा म्हणाले. “धरान भरलं म्हंजी पाणी हितवर येणार म्हनं. चांगली मानसं. च्या घिऊन गेली.”



धरणाचे आकडे त्यांना पाठ होते. पाणी किती, जमीन किती, गावं किती, उद्या कागद न बघता ते सांगणार होते. पण या रेघेखाली आजवर ते कधी उभे राहिले नव्हते. देव रेघेच्या खाली होता, समई खाली होती, बुवांचं पिकलं डोकं खाली होतं. ज्या फरशीवर त्यांनी पहिलं अक्षर गिरवलं, ती तर कितीतरी खाली होती. आणि वीस वर्षांपूर्वी इथल्या धरणाचा बेत पहिल्यांदा निघाला, तेव्हा याच मंडपातून ते त्याच्याविरुद्धचा मोर्चा घेऊन निघाले होते, त्याच मोर्चानं त्यांना विधानसभेत पोचवलं होतं, हेही त्यांना आठवलं.

“बोल की,” बुवा म्हणाले. “थांबलास का?”

“आमची...”

त्यांनी पुन्हा त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं.

“पाणी त्यांना पायजे, बुवा. त्यांचंबी खरं हाय. पर ह्ये असं... मला न्हाई पटत.”

किती दिवसांनी हा ‘मला’ त्यांच्या तोंडून निघाला होता, कोण जाणे. आवाज फाटका होता, मठातल्या जुन्या पोराचा होता.

बुवांनी शाबासकी दिली नाही. कोनाड्यात चाचपून त्यांनी गेरूचा खडा काढला आणि जवळ आले. टाचा उंचावून तळवा हणमंतरावांच्या डोक्यावर आडवा ठेवला. त्या हाताखाली हणमंतरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. तळव्याखालून बुवांनी खांबावर एक तांबडी रेघ ओढली.

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मुंबईला निघायची वेळ झाली होती.

“बुवा, उद्या मी उभा राहीन तवा... काय सांगू त्यास्नी?”

बुवांनी आधी तांबडी रेघ पाहिली. मग तिच्या वरची पांढरी पाहिली. गेरूचा हात धोतराला पुसला.

“पुढल्या पाडव्याला ये, हणमा. बघू, डोकं वर निघतंय का.”